गॅरेज यांचं, ब्रेकवरचा पाय माझा

वारंगा फाट्यावर आमचं गॅरेज होतं. म्हणजे पाटीवर यांचं नाव होतं, हत्यारं यांची होती आणि गिऱ्हाइकं 'उस्ताद' म्हणून हाक मारायची ती यांनाच. माझा त्या गॅरेजात फक्त उजवा पाय होता. पण दुरुस्त झालेली गाडी थांबणार की नाही, हे तो पाय ठरवायचा. हे मी आज दिवाळी अंकात लिहून टाकते, कारण घरात मोठ्यानं म्हटलं की शेजारच्या खोलीतून लगेच यांच्या खोकल्याचा आवाज येतो.

ज्यांनी ब्रेक फक्त दाबलाय, उघडून पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपण पॅडल दाबतो तेव्हा पायाचा जोर चाकापर्यंत तेलातून जातो. बारीक नळ्यांत ब्रेक ऑइल गच्च भरलेलं असतं. तेल दबत नाही, त्यामुळे इकडं पाय दिला की तिकडं चाकाजवळ पॅड आवळले जातात आणि गाडी थांबते. पण त्या नळीत थोडी जरी हवा शिरली की सगळा घोटाळा. हवा दबते. तुमचा अर्धा जोर त्या हवेला चेपण्यातच संपतो आणि पॅडल मऊ लागायला लागतं, कापसाच्या उशीवर पाय दिल्यासारखं. ब्रेकमधला कुठलाही भाग बदलायचा म्हटलं की नळी उघडावी लागते, आणि नळी उघडली की हवा शिरतेच. म्हणून भाग बसवून झाला की शेवटी हवा काढायचं काम असतं.

हे काम एकट्याचं नाही. एकानं वर पॅडलवर बसायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी. वरच्यानं पॅडल चार-सहा वेळा मारायचं आणि दाबून धरायचं. खालच्यानं चाकापाशी असलेला छोटा निपल, म्हणजे हवा सोडायचं बारीक तोंड, पान्यानं सैल करायचा. फस्सकन हवा आणि तेल बाहेर आलं की निपल पुन्हा आवळायचा, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. घाई करून आधी उचलला तर बाहेर गेलेली हवा परत आत. म्हणून गाडीखालच्या खड्ड्यातून मला तीनच हुकूम यायचे: 'मार', 'धर' आणि 'सोड'. लग्नानंतरचं आमचं बरंचसं बोलणं या तीन शब्दांत झालेलं आहे.

मी या धंद्यात आले ती एका दुपारी, भाकरी थापता थापता. घर गॅरेजच्या मागंच होतं. यांच्याकडं हाताखाली कुणी टिकायचं नाही, कारण यांची जीभ. त्या दिवशी मदतीचा माणूस रागारागानं निघून गेलेला आणि एक जीप खड्ड्यावर उभी. हे दारात आले.

"जरा पाय दे," म्हणाले.

"माझ्या हाताला पीठ लागलंय," मी म्हणाले.

"हाताचं काय काम? पाय मागून राहिलो मी."

तव्यावर भाकरी होती ती उलटली, चुलीतली लाकडं मागं ओढली आणि पदर खोचून जीपमध्ये जाऊन बसले. तिथून जी बसले ती बसलेच. पुढं कित्येकदा चुलीवर दूध उतू गेलं, वास यायचा, आणि मी पॅडल धरून नुसती हळहळत बसायची. 'सोड' आल्याशिवाय पाय काढायचा नाही, हा नियम दुधाला कोण सांगणार?

पाय शहाणा होतो हे मला हळूहळू कळलं. तुम्ही रोज भाजी घेता तेव्हा बोटांना भेंडी कोवळी की जून हे विचारावं लागत नाही, तसंच ते. मऊ पॅडल म्हणजे एकच दुखणं नसतं. पाय दिला की लुसलुशीत लागतंय, सोडलं की उसळून वर येतंय, तर हवा आहे. पहिल्यांदा खोल जातंय पण दुसऱ्यांदा लगेच वर लागतंय, तर मागच्या चाकांचे ब्रेक ढिले आहेत, ते आवळायला हवेत. आणि पाय दाबून धरला असताना पॅडल आपलं सावकाश, कुणाला न सांगता खाली सरकतंय, तर कुठं तरी गळती आहे, नाही तर तेल ढकलणाऱ्या मोठ्या सिलिंडरचं रबर गेलेलं आहे. या तिसऱ्या प्रकाराला मी 'चोर पॅडल' म्हणायची. यांनी तो शब्द कधी वापरला नाही, पण खड्ड्यातून विचारायचे, "तुझं ते चोराचं हाय का?"

चौथा प्रकार गिऱ्हाइकाचा. आमच्याकडे नरसीचे एक निवृत्त गुरुजी यायचे. त्यांच्या गाडीचा ब्रेक पहिल्या दोन वेळा लागतच नसे. तिसऱ्यांदा दाबला की लागे. गुरुजींनी ती गाडी तशीच कित्येक महिने चालवली. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी एक, दोन, तीन म्हणत पॅडल मारायचे. शेजारी बसून त्यांच्या मंडळीही मोजायच्या. आम्ही ब्रेक नीट करून दिला तर दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर.

"उस्ताद, हा पहिल्यांदाच लागून राहिला. आमची मंडळी म्होरं काचेवर आपटली."

"गुरुजी, ब्रेक पहिल्यांदाच लागत असतो."

"पण आमाला सवय न्हाई ना त्याची!"

यांनी त्यांना हात जोडले. मंडळींना मी चहा दिला आणि कपाळाला हळद लावली.

आता माझी फजितीही सांगायला हवी, कारण ती पुढं यांनी भर गिऱ्हाइकासमोर माझ्या तोंडावर मारली. मी एकदा हिंगोलीच्या बाजारातून जाड स्पंजची नवी चप्पल आणली. मोठी मऊ, ढगावरून चालल्यासारखी. त्या आठवड्यात जी गाडी येईल तिचं पॅडल मला मऊ. हे हवा काढतायत, मी म्हणतेय अजून मऊ आहे. पुन्हा काढतायत, पुन्हा मऊ. ब्रेक ऑइलचे डबे रिकामे झाले. शेवटी यांनी खड्ड्यातून डोकं वर काढलं, माझ्या पायाकडं पाहिलं आणि चप्पल काढून बाहेर रस्त्यावर भिरकावली. तेव्हापासून मी अनवाणीच बसायची.

आणि एक सांगायचं राहिलं, यांच्या कामाची ऐट. बाकीचे मेकॅनिक हवा काढायला चाक खोलतात. हे खोलत नसत. स्टिअरिंग पूर्ण वळवायचं, खड्ड्यातून हात वर घालायचा आणि नुसत्या चाचपण्यानं निपल शोधून पाना लावायचा. फाट्यावर याचं फार कौतुक होतं. पण निपल असतो वरच्या अंगाला, रबरी नळीच्या मागं, आणि तिथं हात घालायचा म्हणजे मनगट मुरगळून घ्यायचं काम. त्यामुळे पाना लागेपर्यंत खालून शिव्यांचा पाऊस. त्या निपलच्या आईबापापासून सुरुवात व्हायची. गाडी बनवणारा, रस्ता बनवणारा, कुणी सुटायचं नाही. अंक घरोघरी जातो म्हणून नमुना देत नाही. मी वर बसून ऐकायची आणि शिव्या थांबल्या की समजायची, पाना लागला, आता 'मार' येणार.

हे सगळं सांगितलं ते बाबारावांच्या गाडीसाठी.

बाबाराव कळमनुरीच्या बाजूच्या एका खेड्यातले. बारकी शेती, दोन म्हशी आणि एक जुनी मोटार, जी त्यांनी दुसऱ्याकडून घेतली होती आणि जिच्यावर म्हशींइतकाच जीव होता. दसरा होऊन दोन-चार दिवस झाले असतील. सकाळी सकाळी गाडी अगदी मुंगीच्या चालीनं येऊन आमच्या दारात थांबली. थांबली म्हणजे, समोर ठेवलेल्या जुन्या टायरांच्या ढिगाला टेकली.

"उस्ताद, ब्रेक मऊ लागून राहिला," बाबाराव उतरता उतरता म्हणाले.

"काय काय बदललं?"

"म्होरचे दोन्ही कॅलिपर. जाम झाले व्हते. नांदेडहून नवी जोडी आणली, मी आन् मेव्हण्यानं मिळून बसविली. हवाबी काढली. तरी पाय खालीच जातो."

कॅलिपर म्हणजे चाकामागच्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही अंगांनी पकडणारी लोखंडी मूठ. पॅड तिच्यातच बसतात.

"मेव्हणा काय करतो?" यांनी विचारलं.

"ट्रॅक्टरचं जमतं त्याला."

"म्हंजे गावातले ट्रॅक्टरबी थांबत नसतील," हे म्हणाले आणि खड्ड्यात उतरले.

बाबारावांना हसायला वेळ नव्हता. त्यांची लेक शीतल सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला दिलेली. सातवा लागला होता, पहिलं बाळंतपण, आणि पोरीचा जीव माहेराला लागलेला. पण विहीणबाईंचं मत वेगळं. इथं दवाखाना जवळ आहे, पोटुशी पोर कशाला हलवता, असं त्यांचं महिनाभर चाललं होतं. शेवटी कशाबशा तयार झाल्या, पण एका अटीवर. पंचांगात पाहून त्यांनी आजचा दिवस काढला होता. आज दिवसाउजेडी आलात तर पाठवते, नाही तर पोरगी इथंच बाळंत होईल. आणि बाबाराव फोनवर सांगून बसले होते की भाड्याच्या जीपमधून नाही, माझ्या स्वतःच्या गाडीतून नेईन, पाणीसुद्धा हलणार नाही असं नेईन.

"रोज फोन करती पोरगी," बाबाराव मला म्हणाले. "काल म्हणे, बाबा, न्या मला, न्हाई तर मी पायी निघते. वहिनी, आज काहीबी करून गेलं पायजे."

मी अनवाणी होऊन पॅडलवर बसले. खालून 'मार', 'धर', 'सोड' सुरू झालं. काम फार भराभर झालं. एक चाक, दुसरं चाक, मागची दोन. बुडबुडे थोडे आले आणि लगेच स्वच्छ तेल यायला लागलं. हे वर आले, हात पुसले, म्हणाले, "झालं. बाबाराव, निघा."

मी पॅडल दाबून पाहिलं. बंद गाडीत चार वेळा मारलं की कडक व्हायचं. थोडं थांबून एकदाच दाबलं की लुसकन खाली. मग मी किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं आणि माझा पाय तळाशी गेला.

"अहो, मऊ हाय," मी म्हणाले.

"इंजिन चालू केलं की पॅडल जरा बसतंच. तुला ठाऊक हाय."

"जरा न्हाई, तळाला गेलंय."

"नवे पॅड हायेत. डिस्कवर बसायला वेळ लागतो. चालवल्यावर येईल वर."

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. इंजिन चालू झाल्यावर पॅडल थोडं बसतं, आणि नवे पॅड घासून बसेपर्यंत ब्रेक जरासा लांब लागतो. म्हणून तर पंचाईत. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं, खरं बोलणाऱ्याशी काय भांडायचं? पण माझा पाय म्हणत होता की आत हवा आहे.

"अजून एकदा काढा," मी म्हणाले.

"काय काढू? तेलात एक बुडबुडा न्हाई. तू बघ येऊन."

"मंग मऊ काहून लागतंय?"

हे बाबारावांसमोर झालं, तिथं बिनसलं. यांचा चेहरा तांबडा झाला. गाडीच्या दाराशी आले आणि म्हणाले, "चप्पल काढ."

दार उघडं होतं, त्यातून उजवा पाय बाहेर काढला आणि यांच्यासमोर धरला. अनवाणी, काळ्या तेलाचा, टाचेला भेगा पडलेला. बाबाराव दुसरीकडं बघायला लागले. हे पायाकडं पाहून म्हणाले, "उतर आता खाली. त्यांना लांब जायचंय."

"मी उतरत न्हाई," मी म्हणाले.

हे मी कसं म्हणाले, माझं मलाच कळलं नाही. पॅडलवर बस म्हटलं की बसायची, उतर म्हटलं की उतरायची. पण मला डोळ्यांसमोर धरणाच्या वाटेवरचा, औंढ्याकडचा तो उतार दिसत होता, वळणावळणाचा, आणि गाडीत मागच्या सीटवर दोन्ही हातांनी पोट धरून बसलेली पोरगी. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"वहिनी, असं काय करून राहिल्या?" बाबाराव काकुळतीला आले. "उस्ताद म्हणतात झालं, तर झालंच असंल. तिकडं विहीण टपून बसली हाय."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. विहीणबाईच. आवाज आम्हा तिघांना ऐकू येत होता.

"निघालात का?"

"निघालोच," बाबाराव म्हणाले. त्यांच्याच गाडीत मी मांडी ठोकून बसलेली.

"न्हाई जमत तर राहू द्या म्हणलं. आमाला काही तकलीफ न्हाई पोरीची."

"निघालो म्हणलं ना, निघालो!" बाबारावांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं असं पाहिलं की मला त्यांची दया आली. मी अडवून धरली तर पोरगी सासरीच राहणार, आणि सोडली तर त्या उतारावरून जाणार. माझं चुकत असेल तर? तो चपलेचा आठवडा मलाही आठवत होता. पण मी यांनाच विचारलं, "आपली पुष्पी पोटुशी असती तर या गाडीत घातली असती का तुमी?"

आमची पुष्पा तेव्हा परभणीला सासरी होती. हे खड्ड्याच्या कडेला जाऊन बसले आणि पाना या हातातून त्या हातात करत राहिले. त्यांना राग आला होता, पण विचारही सुरू झाला होता. एवढ्या वर्षांत मला त्यांचा मागूनही चेहरा वाचता येतो. मीही विचार करत होते. सगळं नेहमीसारखं झालं होतं. मारलं, धरलं, सोडलं. तेल आलं. मग नेहमीसारखं काय झालं नाही? आणि एकदम माझ्या लक्षात आलं.

"अहो," मी म्हणाले, "आज तुमी शिव्या दिल्या न्हाईत."

"काय?"

"म्होरच्या चाकांना. एकबी शिवी दिली न्हाई. न्हाई तर पाना लागेपर्यंत सगळ्यांचा उद्धार करता. आज खाली गेले आन् लगेच 'मार' आलं."

"आज निपल लगेच घावला," हे म्हणाले. "हात घातला आन् समोरच..."

आणि थांबले. निपल समोर कसा येईल? खड्ड्यातल्या माणसाच्या समोर म्हणजे खालच्या अंगाला. हे उठले, बॅटरी घेतली आणि खड्ड्यात उतरले. थोडा वेळ काहीच आवाज नाही. बाबाराव वाकून पाहायला लागले. मी वर स्टिअरिंग धरून बसले होते.

मग आल्या. अशा शिव्या मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या आणि नंतरही नाही. बाबारावांच्या मेव्हण्यापासून सुरुवात झाली आणि त्या माणसाच्या घरात कुणी शिल्लक राहिलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतक्या त्या गोड लागल्या.

डावा कॅलिपर उजव्या चाकाला होता आणि उजवा डाव्या चाकाला. तो तसाही बसतो, बोल्टांची भोकं जुळतात, म्हणून बसवणाऱ्याला शंका येत नाही. पण मग वरचा निपल खाली येतो. आणि हवा असते वर. तेलाच्या बाटलीत बुडबुडा कधी बुडाशी बसलेला पाहिलाय? तुम्ही खालच्या तोंडातून दिवसभर तेल काढा, स्वच्छ तेल येईल, आणि हवा वर आरामात बसून राहील. यांचा हात त्या दिवशी मुरगळला नाही, म्हणूनच ते फसले.

"बाबाराव," हे वर येऊन म्हणाले, "डावं-उजवं बघितलं न्हाई का?"

"बघितलं की! खोक्यावर दुकानदारानं पेनानं लिहून दिलं व्हतं. ह्या खोक्यातला ह्या अंगाला, त्या खोक्यातला त्या अंगाला. बराबर बसविलं."

चाकं खोलली. कॅलिपर बाहेर काढले तेव्हा एका खाचेत मला तांबडं काही तरी दिसलं. मी बोटानं टिपलं, तर कुंकू. दुसऱ्यावरही हळद होती. मी बाबारावांना विचारलं, "खंडेनवमीला पुजले व्हते का हे?"

बाबारावांनी कपाळावर हात मारला आणि आईला फोन लावला. खंडेनवमीला घरात जे काही लोखंडी असेल ते सगळं देवापुढं मांडतात. विळा, कुऱ्हाड, पहार, पाना. नवी जोडी तेव्हा नुकतीच आलेली, मग ती कशी मागं राहील?

"आई, ते गाडीचे दोन डाग तू पुजले व्हते ना?"

"मंग? खोक्यातून काढले, धुतले, पुसले, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठुलं."

"आन् मंग?"

"मंग खोक्यात ठुले परत. तुजं सामान इकडं तिकडं व्हऊ नये म्हून."

"कोणता कोणत्या खोक्यात ठुला?"

"आता गं बया! दोन्ही सारखेच तर व्हते रे!"

यांनी फोनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदा हसले. "आता तिला काय बोलावं? देवाचं केलंय तिनं," म्हणाले. मेव्हण्याला दिलेल्या शिव्या मात्र त्यांनी परत घेतल्या नाहीत.

मग कामाला जी गडबड उडाली ती विचारू नका. बाबाराव स्वतः जॅकवर, हे पान्यावर. कॅलिपरची अदलाबदल झाली, तेल भरलं, हवा काढायला सुरुवात. या वेळी निपल वर होता. मनगट मुरगळलं, शिव्या आल्या, आणि मग फसफसून जी हवा बाहेर पडली ती पावसाळ्यात बेडकानं फुगून सोडावी तशी. माझ्या पायाखाली पॅडल हळूहळू वर यायला लागलं. शेवटी किल्ली फिरवली, इंजिन चालू केलं, पाय दिला. थोडं बसलं आणि तिथंच थांबलं. दगडासारखं नाही, दगडासारखं तर नसतंच. पण थांबलं. मी उतरले.

बाबाराव हात न पुसताच गाडीत बसले. फाट्यावर एक चक्कर मारली, दोनदा ब्रेक लावून पाहिला आणि औंढ्याच्या रस्त्याला लागले. दुपार टळली होती.

हे एक मोटरसायकल खोलून बसले आणि खोलून तशीच ठेवली. मी तांदूळ निवडायला घेतले, निवडून झालेले पुन्हा निवडले. दर थोड्या वेळानं दोघांचंही लक्ष रस्त्याकडं जायचं आणि एकमेकांना दिसलं की आम्ही दुसरीकडं बघायचो.

दिवेलागणीच्या आधी गाडी आली. या वेळी टायरांच्या ढिगाच्या चार हात अलीकडं थांबली. मागचं दार उघडून शीतल उतरली. गोरीपान, दमलेली, पोट पुढं, हातात सासरहून दिलेल्या ओटीची पिशवी. पाणी मागितलं आणि उभ्या उभ्या प्यायली.

"मावशी, उतारावर एकदम म्हशी आल्या आडव्या," ती म्हणाली. "वळणावरच. दहा-बारा असतील. बाबांनी ब्रेक दाबला आन् मी डोळेच मिटले. पोटावर हात ठेवला. उघडले तर एक म्हैस खिडकीतून माझ्याकडं बघत उभी. तिचा श्वास लागत होता तोंडाला."

बाबाराव नुसते हसत होते.

शीतल माझ्या पाया पडायला वाकायला लागली. मी तिला वरच्या वर धरलं. "बाई, या दिवसांत वाकू नको," म्हणाले, आणि मला रडू आलं. पोरगी घाबरली. तिला कुणी सकाळचं काही सांगितलंच नव्हतं. बाबारावांनीही नाही, आणि आम्हीही नाही. पोटुशीला कशाला सांगायचं?

हे मात्र तिथं नव्हते. म्हशींचं ऐकल्याबरोबर मागं गेले होते. मी पाहायला गेले तर नळाखाली हात धूत होते. हात स्वच्छ होते, तरी धूत होते. मला पाहून म्हणाले, "साबण कुठं ठेवलाय?" साबण त्यांच्या समोर होता. मी उचलून हातात दिला.

आता गॅरेज पुतण्यानं घेतलंय. हवा खेचून काढायचं यंत्र आहे त्याच्याकडं, वर पॅडलवर कुणी लागत नाही. माझा गुडघाही आता नाही म्हणतो. यंत्राविषयी माझी तक्रार नाही, ते दूध उतू जाऊ देत नाही. पण पुतण्याला मी सांगून ठेवलंय की यंत्र हवा काढतं, गाडीत कोण बसणार आहे ते त्याला ठाऊक नसतं.

शीतलला मुलगी झाली. त्यानंतर आमच्या गॅरेजात एक गोष्ट बदलली. ब्रेकचं काम झालं की हे किल्ली गिऱ्हाइकाला देत नसत. माझ्या हातात देत. मी गाडीत बसायची, पॅडल दाबायची, मनासारखं वाटलं की मी किल्ली मालकाला द्यायची. यावर आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नाही. गिऱ्हाइकांना वाटायचं, घरच्या लक्ष्मीच्या हातून किल्ली देतात, शुभ असतं. कित्येकजण दोन्ही हात पुढं करून घ्यायचे, कुणी किल्ली कपाळाला लावायचे. आम्ही कुणाला दुरुस्त केलं नाही.

एकदा मात्र एका नव्या जीपवाल्यानं विचारलं. घाईत होता बिचारा. "उस्ताद, गाडी तुमी केली, मंग किल्ली वहिनींच्या हातून काहून?"

मी पॅडलवरच होते. मला वाटलं, आता खोकतील.

"आमच्या गॅरेजात तसा रिवाज हाय," हे म्हणाले. पाना पुसत होते, वर पाहिलंही नाही. "हिनं एकदा उतरायला न्हाई म्हणलं, म्हून एका पोरीची लेक जिती हाय."